बचत स्वभावावर नाही, तारखेवर ठरते

महोदय,

बोनसचे दिवस आले की 'उधळपट्टी टाळा' हा उपदेश ठरलेलाच. पैसे न उरण्याचे कारण बहुतेक घरांत उधळेपणा नसते. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू, हा क्रम असतो.

पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती ठेव, बघा. महिन्याला एकरकमी ३,००० रुपये भरा म्हटले तर किराणा दुकानदार का-कू करतो. संध्याकाळी एजंट गल्ल्यापुढे उभा राहिला की मात्र १०० ची नोट मुकाट काढून देतो. व्याज तुटपुंजे, मुदतीआधी मोडले तर कपात, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी जमते, कारण पैसे घरखर्चात मिसळण्याआधीच बाजूला होतात आणि दारात आलेल्या माणसाला 'आज नको' म्हणणे जिवावर येते.

नोकरदाराकडे असा एजंट येत नाही. त्याने आरडीचा (बँकेतली आवर्ती ठेव) किंवा एसआयपीचा (म्युच्युअल फंडातली ठरावीक हप्त्याची गुंतवणूक) हप्ता पगारानंतर दोन-तीन दिवसांनी लावावा. त्याच दिवशी नको. सुट्टीमुळे पगार लांबला की हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि वैतागून माणूस योजनाच बंद करतो. २० तारीख तर नकोच नको, तोवर खात्यात उरते काय? साठवणीचे खाते वेगळे ठेवावे, ते यूपीआयला जोडू नये.

हप्ता वाढवायचा तो पगारवाढीच्या वेळी. गमावलेला रुपया मिळालेल्या रुपयाच्या साधारण दुप्पट बोचतो, म्हणून चालू पगारातली कपात सोसवत नाही. वाढ ३,००० ची झाली आणि १,५०० हप्त्यात गेले, तरी हातात १,५०० जास्तच पडतात. बोचायला काही उरत नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीत हेच करून पाहिले. संमती आधी घेतली, कपात पुढच्या वाढीपासून, नको असेल तेव्हा बंद करायची मुभा. योजनेत आलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीत जादा वर्गणी भरायची सोय आहे, पण ती मागायला कर्मचाऱ्याने स्वतःहून अर्ज करायचा! आस्थापनांनी पगारवाढीच्या महिनाभर आधी संमतीचा कागद त्याच्यापुढे ठेवावा. वाढीव पगार एकदा हाती पडला की त्या कागदावर सही मिळणे कठीण.

– एक वाचक, सातारा