ओरिजिनल ओकायामा

ओसाका,
२६ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,
स. न. वि. वि.

कालपासून तुझे चार मेसेज आले, चारही एकच: ‘फोटो कुठेत?’ फोटो नाहीत. फोनने साडेदहालाच मान टाकली आणि चार्जर लेकीच्या घरी सोफ्यावर लोळत होता. म्हणून हे पत्र. हाताने लिहून त्याचाच फोटो काढून तुला पाठवणार आहे, तेव्हा फोटो आला नाही अशी तक्रार आता करू नकोस.

परवा ओकायामाला जाऊन आलो. पुण्यातल्या दांडेकर पुलापलीकडच्या नव्हे, खऱ्या. पु. ल. देशपांडे उद्यान म्हटलं तर रिक्षावाला दोनदा विचारतो आणि ‘ओकायामा’ म्हटलं की मुकाट मीटर टाकतो, अशी आपल्याकडची गत. पण जिच्यावरून आपली बाग बेतली ती कोराकुएन बाग इथून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासावर आहे, हे लेकीने नकाशात दाखवलं तेव्हा मला एकदम अपराध्यासारखं झालं. दहा वर्षं रोज सकाळी नकलेला फेऱ्या मारायच्या आणि असल पाऊण तासावर असताना मॉलमध्ये फिरायचं? लेकीला ऑफिस होतं. म्हणाली, “बाबा, एकट्याने जमेल?” मी म्हटलं, बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गाडी नीट पकडता येते.

गाडी पकडली, ट्रामने मात्र घाम फोडला. स्टेशनासमोर मोमोतारोचा पुतळा आहे, तिथून ट्राम सुटते. मोमोतारो म्हणजे आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीचा उलटा प्रकार. नदीवर धुणं धुणाऱ्या म्हातारीला वाहत आलेलं भलंमोठं पीच सापडतं आणि त्यातून पोरगा निघतो. पुढे तो कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला एकेक लाडू चारून सोबत घेतो आणि राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. लाचलुचपतीची इतकी गोड गोष्ट दुसरी नसेल. तर ट्राम. इथे पैसे चढताना नाही, उतरताना द्यायचे, तेही पुढच्या दाराने, ड्रायव्हरशेजारच्या पेटीत. मी शिरोशिता स्टॉपवर खिशातली सगळी चिल्लर तळहातावर मांडून उभा, मागे सात-आठ माणसं. कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे कंडक्टरने निदान दोन शब्द सुनावले असते आणि मला मोकळं वाटलं असतं. ही शांतता भारी पडते रे.

तिथून चालत दहा मिनिटं. आणि मग नदी.

बंड्या, पुढचं खास तुझ्यासाठी, पाटबंधारे खात्यातल्या माणसासाठी. या नदीचं नाव आसाही. शहरात शिरताना ती सरळ येते आणि किल्ल्यापाशी एक मोठं वळण घेते. मला ते वळण फार देखणं वाटलं. मग कळलं की वळण देवाने दिलेलं नाही. उकिता हिदेइए नावाच्या सरदाराने १५९७ साली किल्ला पुरा केला तेव्हा खंदक आयता मिळावा म्हणून नदीच वळवून घेतली. आणि नदी वळवली की ती काय करते हे तुला मी सांगायला नको. शहरात पूर यायला लागले. पुढे इकेदा घराण्याच्या राजवटीत त्सुदा नागातादा नावाचा एक अधिकारी होता. त्याने पुराचं जादा पाणी वरच्या अंगालाच बाजूला काढणारा स्वतंत्र प्रवाह बांधला, ह्याक्केन नदी. ह्याक्केन म्हणजे शंभर केन, साधारण १८० मीटर, इतकं रुंद पात्र म्हणून ते नाव. समुद्र हटवून शेतजमीन केली तीही त्यानेच. आणि हा गृहस्थ पुराच्या कामातून मोकळा होतो न होतो तोच इकेदा त्सुनामासाने त्याला सांगितलं, आता मला एक बाग करून दे. १६८७ साली काम सुरू झालं, १७०० मध्ये पुरं झालं. ती ही बाग.

म्हणजे जगातले लोक जी बाग बघायला येतात ती बागवानाने नाही, तुझ्या खात्याच्या माणसाने बांधली आहे. हे वाचल्यावर तुझी कॉलर कुठवर जाणार हे मला इथून दिसतंय.

किल्ला काळा आहे, अगदी काळा. त्याला कावळा-किल्लाच म्हणतात. मूळचा १९४५ च्या २९ जूनला बॉम्बहल्ल्यात जळाला. त्या एका पहाटे या शहरात १,७०० हून जास्त माणसं गेली. आत्ता दिसतो तो १९६६ मध्ये काँक्रीटने उभारलेला, आत लिफ्टसुद्धा आहे. तुझ्या गुडघ्याला हा किल्ला सर होईल, सिंहगडाचं राहू दे. मी आत गेलो नाही. बाग आठला उघडते आणि मला दार उघडताना तिथे असायचं होतं, आपल्या सवयीप्रमाणे. किल्ल्याकडून बागेत जायला नदीवर एक पूल आहे, त्सुकिमी-बाशी, चंद्र बघायचा पूल. सकाळी आठला चंद्र कुठला. पण पाण्यावरून वाफ निघत होती आणि एक बगळा कमरेवर हात ठेवल्यासारखा उभा होता. त्याच्याकडे बघत मी पुलावर दहा मिनिटं घालवली.

आत गेलो आणि पहिला विचार काय आला सांगू? गवत वाळलंय! तू विचारणारच होतास म्हणून सांगतो. जपानी बाग म्हणजे शेवाळ, झाडोरा, कोपऱ्याकोपऱ्यात लपवलेलं काहीतरी, असं आपल्या डोक्यात असतं. इथे समोर नुसतं मैदान, लांबच लांब हिरवळ. पण नोव्हेंबर संपत आल्यामुळे ती हिरवळ उरली नव्हती, कापणीनंतरच्या माळासारखी पिवळी पडली होती. जरा हिरमोड झाला. मग ऊन वर आलं, त्या पिवळ्यावर तिरपं पडलं, आणि मी हिरमोड मागे घेतला. त्या मैदानामधून पाण्याची एक बारीक वाट नागमोडी जाते. मागे पूर्वेला मिसाओ टेकडी, एका अंगाला तो काळा किल्ला. दोन्ही बागेच्या हद्दीबाहेर, पण बागेने आपल्यात ओढून घेतलेले. आपण बाकावर बसून पर्वतीकडे बघतो तशातलंच.

आणि पाणी, बंड्या! पूर्वी ते नदीच्या वरच्या अंगाने पाट काढून आणत. बागेत शिरलं की ते कुठे ओहोळ, कुठे धबधब्याएवढा आवाज, कुठे तळं. मधल्या तळ्यात बेटं आहेत आणि माशांना आपल्या सारसबागेतल्या माशांइतकीच सवय लागलीय, माणूस दिसला की तोंड उघडून हजर. पण मला आवडलं ते र्‍युतेन. लाकडी दुमजली बैठक, खालच्या मजल्याला भिंतीच नाहीत आणि घराच्या बरोबर मधून पाण्याचा पाट वाहतो. त्यात रंगीत छटांचे सहा दगड ठेवलेत, बस्स. राजा इथे येऊन बसायचा. ही बैठक युद्धातून वाचली, आजूबाजूचं बरंच जळालं. मी कडेवर टेकलो तो पाऊण तास. कोणी येत नव्हतं. एक आजोबा आले, माझ्याकडे बघून किंचित वाकले, पलीकडच्या कडेवर बसले, पाण्याकडे बघत राहिले आणि निघून गेले. आम्ही दोघं मिळून शून्य वाक्यं बोललो. तू असतास तर उतार किती, विसर्ग किती, असलं काहीतरी काढून माझं डोकं खाल्लं असतंस. ते नसल्यामुळे चुकल्यासारखं झालं, हे लिहून ठेवतो, पुन्हा बोलणार नाही.

तिथेच फोन गेला. त्यामुळे पुढचं सगळं मी नीट बघितलं.

राजाच्या बागेत भातखाचर आहे! खोटं वाटेल, पण खरंच. चिनी पद्धतीने नऊ चौकोनांत वाटलेलं, नमुन्यादाखल ठेवलेलं. शेजारी चहाचा छोटा मळा, पलीकडे प्लमची झाडं, त्यापुढे मेपलचं वन. मेपल लालभडक झालं होतं आणि सगळे फोटोवाले तिथेच होते, म्हणून मी तिकडे फार थांबलो नाही. खाचरापाशी मात्र थांबलो. मुळशीकडच्या आमच्या आजीच्या खाचरात पेंढ्या उचलल्यावर अशीच धसकटं दिसायची. राजाने आपल्या बागेतून शेत दिसेल अशी सोय का केली असेल? याचं उत्तर नावात आहे. एका जुन्या चिनी वचनावरून १८७१ मध्ये बागेला कोराकुएन हे नाव दिलं. वचनाचा अर्थ असा: राज्यकर्त्याने काळजी सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर भोगावं. कोराकु म्हणजे नंतरचं सुख.

वाचल्याबरोबर मला तूच आठवलास. ‘मुलीचं लग्न होऊ दे’, ‘पेन्शनचं मार्गी लागू दे’, ‘गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर बघू’. अरे, ते वचन राजासाठी आहे. तू उपविभागीय अभियंता होतास. तुला इतकं थांबायचं काही कारण नाही. दिवाळी झाली की नाही? मग डॉक्टरांची वेळ घेतलीस का? हे दोन प्रश्न मी इथे मुद्दाम घुसडले आहेत.

एक गोष्ट तुला सांगायची की नको असा विचार करत होतो, सांगतोच. १९३४ च्या सप्टेंबरात मोठं वादळ झालं आणि ही नदी बागेत शिरली. एवढं नियोजन करूनसुद्धा. मग अकरा वर्षांनी बॉम्ब. दोन्हींनंतर बाग पुन्हा उभी केली ती जुन्या एदो काळातल्या चित्रांवरून, कुठे कोणतं घर, कुठे कोणतं झाड हे बघून बघून. मला पानशेतचा पूर आठवला. ६१ साली आपण सहा वर्षांचे. तुझ्या बाबांनी तुला खांद्यावर घेऊन नारायण पेठेतून वर आणलं होतं, आणि तू फक्त दप्तर गेलं म्हणून खूश होतास. नंतर तुमचा वाडा दुरुस्त केला तेव्हा ओसरी कशी होती यावर तुझ्या काकांचं आणि बाबांचं जुंपलं होतं. कुणाकडे चित्र नव्हतं ना.

मुख्य दाराजवळ क्रौंच पक्षी आहेत. पांढरे, उंच, डोक्यावर बरोबर कुंकवाएवढा लाल ठिपका. युद्धाच्या धामधुमीत इथले क्रौंच संपले. पुढे गुओ मोरुओ या चिनी लेखकाने १९५६ मध्ये एक जोडी भेट म्हणून पाठवली. तो तरुणपणी ओकायामात शिकायला होता. शिकलेल्या गावाला पक्षी पाठवायचे! आपण शाळेला फार तर पंखा देतो आणि त्यावर स्वतःचं नाव रंगवतो.

दुपारी जेवायला बागेबाहेरच्या एका छोट्या दुकानात बसलो. इथे ‘मामाकारी’ नावाची बोटभर मासळी असते, व्हिनेगरात मुरवलेली. नावाचा अर्थ ऐक: भात उसना आणणे. मासळी इतकी रुचकर की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जावं लागतं. असं नाव कोकणात सुचायला हवं होतं, हुकलं. चवीला आंबट, जरा काटेरी. मी भात उसना आणला नाही, पण दिलेला संपवला. जेवणानंतर मांजू खाल्ला, पातळ सालीतलं लाल चवळीचं पुरण. आपल्या पुरणाची सर नाही, पण पोळी लाटायची कटकट नाही.

मग काहीच केलं नाही. नदीकाठी बसलो. किल्ल्याखाली भाड्याने होड्या मिळतात, हंसाच्या आकाराच्या आणि पीचच्या आकाराच्या. एका गुलाबी पीचमध्ये एक म्हातारं जोडपं पायडल मारत होतं. नवरा जोरात, बायको अजिबात नाही, त्यामुळे पीच जागच्या जागी गोल फिरत होतं. चार वाजता उन्हाचा रंग बदलला तसा उठलो. येताना ट्राम टाळली (कारण तुला कळलं असेल) आणि पायी निघालो. वाटेत निशिगावा लागला. हा जुना कालवा, शहराच्या मधून जातो, दोन्ही कडांना झाडं आणि बाक, असं जवळजवळ अडीच किलोमीटर. ऑफिसातून सुटलेली माणसं सायकली हातात धरून चालत होती. कालव्याचं पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. इथे मी आपल्या मुठा कालव्याबद्दल काहीही लिहिणार नाही, तुझं रक्त आटेल.

पाचला अंधार. साडेपाचची गाडी. घरी लेक वाट बघत होती. “काय काय बघितलंत?” मी म्हटलं, एक बाग. “दिवसभरात एकच?” एकच.

आता एक काम सांगतो. बागेत पाण्यावर लाकडी फळ्यांचा एक पूल आहे, सरळ नाही, एक फळी इकडे, एक तिकडे, अशा आठ. खाली आयरिसचे गड्डे. त्यावरून चालताना माझ्या डोक्यात आलं की असा पूल आपल्या बागेत आहे का? दहा वर्षं झाली, रोज पाच फेऱ्या, आणि मला शपथेवर सांगता येईना. गुडघ्याला पट्टा बांध, काठी घे, पण उद्या जाऊन बघ. असला तर फळ्या मोज. मी १२ तारखेला पहाटे उतरतोय, तोवर आकडा कळव. येताना त्या मोमोतारोचे लाडू आणतोय. कुत्र्याला एक, माकडाला एक, तुला दोन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू