कप देशाच्या नावाचा नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत फिट्झ हेन्री लेन यांचं १८५१ च्या शर्यतीचं चित्र पाहून आनंद झाला. मात्र खालच्या ओळीत यॉट म्हणजे शिडाच्या नौकांच्या शर्यतीतल्या ‘अमेरिकाज कप’ला ‘अमेरिका’ या देशावरून नाव पडलं असं छापलंय. नाव पडलं ते ‘अमेरिका’ या स्कूनरवरून, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावरून! २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालून तिने इंग्रजांच्या यॉट मागे टाकल्या.

मी आयुष्यभर शिडं शिवली, त्यामुळे माझी नजर आधी कापडावर जाते. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची, वारा भरला की पोट सुटल्यासारखी फुगणारी. ‘अमेरिका’ची सुती, घट्ट विणीची, खालच्या आडव्या दांड्याला दोरीने आवळलेली, म्हणून सपाट राहायची. वाऱ्याच्या तोंडावर चढताना हाच फरक नडतो. तिचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज स्टीअर्स यांच्या निमुळत्या नाळीचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचं, कौतुक सगळे करतात, शिडांचं कुणी करत नाही (आमचं नशीब!).

आणखी एक. दुसरी आलेली ‘अरोरा’ अवघी ४७ टनांची, ‘अमेरिका’ १७० टनांची. लहान यॉटला वेळेची सवलत त्या दिवशी नव्हती. चित्राखाली हे छापायला हवं होतं.

आपला,
एक निवृत्त शीडकारागीर