मोटर पाठवत नाही, आधी हे वाच

पलूस, जि. सांगली

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं, मेघालयातल्या त्या गुहेचा नकाशाही. छत खाली खाली येत पाण्यात बुडालंय, पलीकडं काय ते कळत नाही आणि तू विचारतोस, "हे पाणी उपसायला किती एचपीची मोटर लागेल?" अरे, एचपीचं मागाहून बघू. आधी पाण्याची आवक किती ते सांग. बाहेर जो ओहोळ पडतो त्याखाली बादली धर आणि घड्याळ लाव. नुसता पाझर असेल तर पाच एचपीतही काम होईल. आतून ओढाच येत असेल तर माझं अख्खं दुकान नेलंस तरी पातळी बोटभर उतरायची नाही.

थाम लुआंग आठवतंय? 2018 च्या जूनमध्ये थायलंडच्या त्या गुहेत 12 पोरं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ उपशाचा सल्ला द्यायला तिथं गेले, इकडं किर्लोस्करवाडीत चार ऑटोप्राईम पंप तयार ठेवले, म्हणून आपली कॉलर ताठ. पण गुहा काही कोरडी झाली नाही. डोंगरावरचे ओढे वळवले, पंप रात्रंदिवस चालले, तेव्हा कुठं पातळी उतरून काही टप्पा चालत पार करता आला. उरलेल्या पाण्यातून पोरांना गुंगीचं औषध देऊन पाणबुड्यांनीच बाहेर आणलं. त्याआधी समन कुनान हा नौदलातला माजी जवान हवेची नळकांडी पोचवून परतताना गेला. एवढ्या तयारीच्या माणसाचं हे झालं, आणि तू म्हणतोस "श्वास धरून एक बुडी मारून बघतो"! अजिबात नाही. पलीकडं हवा मिळाली तरी ती घेण्याजोगी असेलच असं नाही. त्या पोरांपाशी ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 15 च्या आसपास आला होता.

आता मोटरीचं. बाहेर ठेवून ती फार तर सात मीटर खोलीवरनं पाणी ओढेल, म्हणजे पाण्यात बुडवून चालणारी सबमर्सिबल आत न्यावी लागणार, केबलसकट. डिझेल इंजिन आत नेशील तर मात्र माझ्याशी गाठ आहे. धुरानं विहिरीत माणसं गेलेली तुला ठाऊक आहेत.

मला विचारशील तर पाण्याचा नाद सोड आणि मान वर कर. चुनखडकात पाणी जुना रस्ता सोडून खाली उतरत जातं, वरचा जुना बोगदा कोरडा राहतो. आपल्या काळ्या पाषाणात हा खेळ नाही, म्हणून आपल्याला सुचत नाही. अगरबत्ती पेटव आणि भिंतीच्या कडेकडेनं, छतातल्या भेगांपाशी धर. धूर एकाच बाजूला ओढला जायला लागला की तिथं वाट असण्याची शक्यता आहे. दरड असेल तर दगड हलवण्याआधी जाणत्यांना बोलव. डोंगरावर पाणी कुठं गडप होतं तेही गावकऱ्यांना विचार, दुसरं तोंड तिकडंच सापडेल कदाचित.

तरीही उपसायचंच म्हणत असशील तर एप्रिलचे वळीव सुरू व्हायच्या आत कर. आणि उपसलेलं पाणी टाकणार कुठं, ते नकाशावर दाखव. तिकडं थायलंडात ते खालच्या भातशेतीत घुसलं होतं. बादलीचा हिशेब आणि हा नकाशा येईपर्यंत मोटर इथंच राहील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या