अँप्लिफायर घेण्याआधी हे वाच

नागपूर
मे महिना

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, पुण्याच्या घरातला स्टिरिओ ढब्ब वाजून राहिला, नवा अँप्लिफायर घेतो. रात्रभर तेच डोक्यात होतं. थांब बे थोडा, आधी माझं ऐक.

बाबांचा जुना सेट आठवतो ना? शोकेसमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कोंबलेले स्पीकर? दोन महिन्यांपासून मी त्याच्याच मागे आहे. वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम पार गेला होता, बोट लावलं अन् भुगा हातात आला. तो बदलून आणला, तर आवाज आधीपेक्षा पोकळ! डग्गा कुठे गेला समजेना, गाणारा खोलीत नेमका कुठे बसलाय तेही कळेना. चार दिवस जिवाला चैन नव्हतं. शेवटी दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन दोन्ही स्पीकरच्या तारांना एकाच पद्धतीनं क्षणभर टेकवला. एका स्पीकरचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. दुरुस्तीत एकाच्या आतल्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. तारा सरळ केल्या अन् डग्गा परत आला. तूही सगळ्यात आधी प्लस-मायनस तपास.

मग स्पीकर शोकेसमधून बाहेर काढले. खर्ज नुसता समोर येत नाही, चहूकडे पसरतो. मागची भिंत अन् कोपरा त्याला परत फेकतात, म्हणून तो फुगतो. तुझा ढब्बपणा बहुधा तिथलाच. मी भिंतीपासून दीड फूट अन् कोपऱ्यापासून अडीच फूट अंतर ठेवलं. बारीक सूर सरळ जातात, म्हणून स्पीकर स्टुलांवर चढवून ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारे छोटे स्पीकर, कानाच्या उंचीला आणले. दोघांमध्ये सात फूट, माझ्या खुर्चीपासूनही सात-सात फूट. त्यानंतर दोन संध्याकाळी वीत-वीत सरकवण्यात गेल्या. खुर्ची भिंतीला टेकवून बसू नको बरं. 12 फुटांच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झचा (सेकंदाला 47 कंपनांचा) खोल सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतो, अन् भिंतीशी बसलं की तोच सगळ्यात जास्त कानावर येतो. दोन फूट पुढे सरक, लगेच कळेल.

आमच्याकडे खाली टाइल्स, बाजूला काच. टाळी वाजवली की खोली खणखणायची. सतरंजी अंथरली. भाचीला आरसा धरून भिंतीलगत चालायला लावलं. खुर्चीत बसून जिथे आरशात ट्वीटर दिसला, तिथूनच आवाज आपटून कानाकडे येतो, म्हणून तिथेच आईची गोधडी टांगली. 'स'चा शिट्टीसारखा कडकपणा गेला.

महागड्या तारांच्या नादी लागू नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चार-पाच मीटरला पुरते. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तिचा रोध (विजेला होणारा अडथळा) काहीच नाही.

आता सगळ्यात मोठा शत्रू कूलर. पारा 45 च्या घरात, तो बंद कसा करणार? पण त्याच्या घरघरीत तानपुरा बुडतो, तान संपल्यावरचा श्वास बुडतो, अन् आपण उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतो. म्हणून मी पहाटे पाचला उठतो, कूलर बंद करतो अन् अर्धा तास ऐकतो. व्हॉल्यूमची कळ निम्म्यावरही न्यावी लागत नाही. परवा वसंतराव देशपांड्यांची जुनी सीडी लावली होती. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "यात तानपुरा होता होय रे?" तीच सीडी ती कितीतरी वर्षांपासून ऐकते आहे! मला सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह आठवलं. आपण मागच्या रांगेत बसायचो, तरी गाणारा मंचाच्या मधोमध आहे हे डोळे मिटूनही कळायचं. आता तो आमच्या बैठकीत, दोन स्टुलांच्या मध्ये, तसाच बसलेला असतो.

तुझ्या खोलीची लांबी-रुंदी मोज, स्पीकर भिंतीपासून किती लांब आहेत ते कळव, फोटो पाठव. तोवर अँप्लिफायरचे पैसे खिशातच राहू दे. मृगाचा पाऊस पडून कूलर बंद झाला की ये इकडे. तुझी खुर्ची कुठे ठेवायची ते मी खडूनं आखून ठेवलं आहे.

तुझाच दोस्त