बासलहून दत्ताला

बासल, २० एप्रिल

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

काल सायकल काढली आणि बॉटमिंगेनपर्यंत जाऊन आलो. १९ एप्रिल १९४३ ला रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन सँडोझ या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून तिथल्या आपल्या घरी गेला होता. एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याचे २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा, त्याने स्वतःवर प्रयोग म्हणून पाण्यातून घेतले होते. एवढ्याशाने फारसं काही होणार नाही असं त्याने धरलं होतं. युद्धामुळे मोटार मिळेना, म्हणून मदतनीस बाईला सोबत घेऊन सायकलवर निघाला. आपण जागचे हलतच नाही असं त्याला वाटत होतं. ती म्हणाली, चांगले वेगात आलो. बायको-मुलं लुझर्नला गेलेली. शेजारीण दूध घेऊन आली, ती त्याला चेटकीण दिसली. आपल्याला वेड लागलं, बायकापोरांचा निरोपही घेता आला नाही, या भीतीत तो पडून राहिला. डॉक्टरांना मात्र विस्फारलेल्या बाहुल्यांपलीकडे काही सापडलं नाही. लोक त्या रात्रीच्या रंगांबद्दल बोलतात, दत्ता. माझ्या मनातून ते रिकामं घर जात नाही.

आणि हे एलएसडी आलं कुठून, तर राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून. आपलं बाजरीवरचं अरगटच! आबा बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात ओतायचे, दहा लिटरला दोन किलो मीठ, आणि वर तरंगलेले काळे दाणे काढायचं काम आपल्या दोघांचं. बाजरीवरची बुरशी रायवरच्या बुरशीची भावकी, पण तिची विषं वेगळी. पोटात गेली तर मळमळ, उलट्या, गुंगी.

एक गोष्ट तुला सांगायचीच होती. अमोलच्या जन्माच्या वेळी वहिनींचं रक्त थांबेना, तेव्हा दिलेलं मेथर्जिनही, एलएसडी ज्यापासून बनतं त्याच लायसर्जिक आम्लापासून बनतं, आणि तेही हॉफमनच्याच कामातून आलेलं. सांगाडा एकच, टोकाचा तुकडा तेवढा निराळा. एक गर्भाशय आवळून बाईला वाचवतं. दुसरं मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांच्या जागांवर जाऊन बसतं. सेरोटोनिनच्या अशा एका जागेत, म्हणजे रिसेप्टरात, ते शिरलं की वर झाकण पडल्यासारखं होतं, लवकर सुटत नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. अंमल दहा-बारा तास टिकतो त्याचं हे एक कारण. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण दोघं रात्रभर बसलो होतो, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

आबा अजून बी तसंच धुतात का? या पेरणीला फोन कर, मला ते बघायचंय.

तुझा,
विजय