मिस्टरांना घेऊन या, असं बँक का म्हणते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या पुरवणीतल्या उद्योजिकांच्या मुलाखती वाचल्या, छान होत्या, पण सगळीकडे सूर एकच की बायकांनी भीती सोडून पुढे यावं. मला ते अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं काम करते आणि आसपासच्या ज्या बायका या धंद्यात आल्या त्यांच्यात भीती कुठंच दिसत नाही. कुणाचा नवरा दारूत, कुणी विड्या वळून कंटाळलेली, कुणाला पोरीला नर्सिंगला घालायचंय. लग्नसराईत पहाटे चारलाच शेगड्या पेटतात, भाकरी थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर पार कडक होईपर्यंत ठेवायची, जरा ओल राहिली की पुण्याला पोचेस्तोवर बुरशी येते आणि अख्खा माल परत.

धंदा अडतो तो वाढवायच्या वेळेला. बचत गटातून दहा-वीस हजार मिळतात, त्यात पीठ-मीठ भागतं, पण पीठ मळायचं मशीन, पॅकिंग मशीन, भाड्याचा गाळा म्हटलं की दोन-तीन लाख लागतात आणि तिथं बँक येते. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्ज योजनेत ‘किशोर’ नावाच्या गटात 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत कर्ज आहे, तारण लागत नाही, नियम आहे तसा. तरी काउंटरवर पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात, त्यांना घेऊन या, घराचा उतारा आणा. घर सासऱ्यांच्या नावावर, मग बाई आणणार काय? शेवटी अंगावरचं सोनं ठेवून गोल्ड लोन घेते, म्हणजे तिच्याच जिवावर तिला कर्ज, आणि धंदा बसला तर सोनंही गेलं.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढली 1997 साली, त्याआधी रिझर्व्ह बँकेनं लायसन्स नाकारलं होतं कारण सभासद बायका निरक्षर. त्या लिहाय-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, आम्ही सांगतो. इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडं नवऱ्याची सही मागतात याचा खरंच संताप येतो.

घरच्यांनाही सांगायचंय. 2021 पासून आपल्या राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, निदान नवीन घर घेताना तरी तिचं नाव लावा, उद्या बँकेत तिला दाखवायला स्वतःचा कागद असेल.

आणि तुमच्या पेपरला एक विनंती. जिल्ह्यातल्या बँकांना विचारा की किशोर गटात बायकांचे अर्ज किती आले, मंजूर किती झाले आणि नाकारले त्यांना कारण लेखी दिलं का, आणि ते आकडे शाखेच्या नावासकट छापा.

आपली,
एक वाचक, सोलापूर