घरट्याचा पत्ता छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत पावसाळी भटकंती आणि पक्षिछायाचित्रण या विषयावर आपण जो पानभर लेख छापला आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. लेख वाचनीय आहे, मांडणी देखणी आहे आणि तिबोटी खंड्याचे (हा ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरून घरटे करणारा छोटा खंड्या, म्हणजे किंगफिशर) चार कॉलमी छायाचित्र तर कोणीही कापून भिंतीवर लावावे इतके स्वच्छ आहे. माझी तक्रार नेमकी त्या स्वच्छतेबद्दल आहे, आणि छायाचित्राखाली ठळक अक्षरांत छापलेल्या गावाच्या व ओढ्याच्या नावाबद्दल.

ते छायाचित्र छापण्यापूर्वी आपल्या कार्यालयात कोणी नीट पाहिले होते का? बिळाच्या तोंडाभोवतीची दरड पूर्ण उघडी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात तोडलेल्या मुळ्यांची टोके पांढरीशुभ्र दिसतात, म्हणजे कोयता त्याच दिवशी, फार तर आदल्या दिवशी चाललेला आहे. पक्षी ज्या काटकीवर बसला आहे तिला एक पान नाही, ती चिखलात सरळ रोवलेली आहे आणि बिळापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर आहे, जेवढे भिंगाला सोयीचे पडते. पक्ष्याच्या डोळ्यात फ्लॅशचा ठिपका लखलखतो आहे. आणि लेखात मात्र या छायाचित्राचे वर्णन ‘दाट झाडोऱ्यात संयमाने वाट पाहून टिपलेला क्षण’ असे केलेले आहे. झाडोरा होता तो तर छाटून टाकला. मग संयम कशासाठी खर्ची पडला, हे आपल्या लेखकमहाशयांनी एकदा समजावून सांगावे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कर्जत तालुक्यातील एका ओढ्याच्या काठाने मी चाललो होतो. (गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, आपण एक छापले आहे तेवढे पुरे.) वळणापलीकडून खंड्याची बारीक, उंच शीळ ऐकू येत होती, पण ती इतकी एकसारखी आणि इतक्या नेमक्या अंतराने येत होती की ती पक्ष्याची नाही, यंत्राची आहे, हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. पुढे गेल्यावर रंगीबेरंगी रेनकोट घातलेला एक गट ओढ्यात तिपाया रोवून बसलेला दिसला. दगडावर एक छोटा स्पीकर ठेवलेला होता आणि समोरच्या दरडीवर वाडीतला एक पोरगा कोयत्याने लोंबत्या मुळ्या आणि नेचे साफ करत होता. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सांगितले गेले ते त्याने केले, आणि बहुधा त्याचे चार पैसेही त्याला मिळाले असतील.

खरा पक्षी थोड्या वेळाने आला. त्याच्या लाल चोचीत एक लहानशी सापसुरळी होती आणि तिचे डोके बाहेरच्या बाजूला होते. खंड्याला स्वतः गिळायचे असते तेव्हा तो भक्ष्याचे डोके घशाकडे धरतो. डोके बाहेर धरले आहे, याचा अर्थ बिळात पिले होती आणि घास त्यांच्यासाठी होता. तो पलीकडच्या फांदीवर बसला, मान वरखाली करू लागला आणि बिळाच्या दिशेने झेपावला. त्याच क्षणी सगळे कॅमेरे एकदम कडकडले आणि तो अर्ध्यातून वळून परत फांदीवर जाऊन बसला. असे पुन्हा पुन्हा झाले. मध्येच स्पीकरवरची शीळ पुन्हा सुरू केली की तो बीळ सोडून आवाजाच्या दिशेने झेप घेई, कारण त्याच्या लेखी त्याच्या हद्दीत दुसरा खंड्या घुसलेला होता. शेवटी ती सापसुरळी चोचीतच घेऊन तो ओढ्याच्या खालच्या अंगाला निघून गेला. पाऊस चढला होता आणि मी तिथे उभा होतो तोवर तरी तो परतला नाही.

मी गटाच्या म्होरक्याला शक्य तितक्या सौम्य शब्दांत हटकले. त्याने अत्यंत आदराने उत्तर दिले, “काका, आम्हीसुद्धा पक्षीप्रेमीच आहोत.” त्याचे म्हणणे खोटे नसेलही. मात्र पुढे त्याच वाटेने गेलो तेव्हा दरडीचा तेवढाच भाग खचून ओढ्यात आलेला दिसला आणि बिळाचा मागमूस राहिला नव्हता. पावसाने माती खचली असे म्हणायला माझी हरकत नाही. मुळ्या तोडल्या नसत्या तर ती तिथेच खचली असती का, एवढेच विचारतो.

आपल्या लेखात एक वाक्य मोठ्या दिमाखाने आले आहे की, बंदुकीची जागा आता कॅमेऱ्याने घेतली असून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या काळाच्या तुलनेत आपण फार पुढे आलो आहोत. पक्षी हातात घेतल्याशिवाय ओळख पक्की मानली जात नसे, असा तो काळ होता हे खरे. परंतु बंदुकीने एक पक्षी पडे, आणि येथे एका उत्तम छायाचित्रापायी आख्खे घरटे उठते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही स्पष्ट समावेश आहे. तेव्हा आपल्या वृत्तपत्राने काल शिकारीचे छायाचित्र शिकाऱ्याच्या कौतुकासह छापले आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती मानू नये. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात आपण जे अग्रलेख लिहिता, ते मी जपून ठेवले आहेत. सवडीने ते शेजारी ठेवून कालचे पान वाचावे, ही विनंती.

कॅमेऱ्याशी माझे वैर नाही, हे येथेच सांगून टाकतो. गडाच्या माचीवर उभे असताना डोक्यावरून घिरट्या घालत जाणारा शिकारी पक्षी मधुबाज होता की सर्पगरूड, यावर चढणीच्या दमात जो वाद रंगतो तो पंखाखालच्या पट्ट्यांचे एक धूसर छायाचित्र मिनिटभरात मिटवू शकते. ओळखीसाठी तेवढे पुरेसे असते. ते सुंदर असण्याची गरज नसते आणि त्या पक्ष्याला आपण खाली उभे आहोत याची दखलही घ्यावी लागत नाही. कुटुर्ग्यासारखा पक्षी तर दिवसभर ओरडून रान डोक्यावर घेतो आणि हिरव्या पानांत हिरवा होऊन दिसत नाही, पण तो न दिसताही ओळखता येतो. तिबोटी खंड्याबद्दल तर असा संशयही नाही. कोकणपट्टीतल्या ओढ्यावर चिमणीहून लहान, नारिंगी-जांभळा, लाल चोचीचा पक्षी पाण्यावरून बाणासारखा गेला की ज्याने तो एकदा पाहिला आहे त्याला दुसऱ्यांदा विचार करावा लागत नाही. मग बिळाच्या तोंडाशी जाऊन त्याची कोणती ओळख पटवायची राहिली होती?

आता ओळखीचाच विषय निघाला आहे म्हणून दुसरी गोष्टही सांगतो. त्याच पानावर खालच्या कोपऱ्यात ‘पावसाच्या पहिल्या सरीनंतर गाणारा शिळकरी कस्तूर’ म्हणून जो पक्षी छापला आहे तो शिळकरी कस्तूर नाही. शिळकरी कस्तूर अंगाने भरलेला, जवळजवळ काळा असतो आणि त्याच्या कपाळावर व खांद्यावर चकचकीत निळे डाग असतात. आपल्या छायाचित्रातील पक्षी सडपातळ, सर्वांगी मळकट निळा असून तटबंदीच्या कोरड्या दगडावर ताठ बसला आहे, म्हणजे तो शैल कस्तूर आहे. चूक माणसाकडून होते आणि निळ्या कस्तुरांत गफलत होणे हा काही गुन्हा नव्हे. अडचण अशी आहे की शैल कस्तूर आपल्याकडे हिवाळ्यापुरता येतो. उन्हाळा लागला की तो उत्तरेकडे, हिमालयात आणि त्याही पलीकडे निघून जातो. जुलैच्या पावसात सह्याद्रीतील गडावर त्याने आपल्या लेखकासाठी खास मुक्काम वाढवला असेल तर ती पहिल्या पानावरची बातमी होती. लेखात मात्र ही सगळी छायाचित्रे ‘याच पावसाळ्यातील एका भटकंतीत’ टिपल्याचे म्हटले आहे. मथळा कोणी लिहिला आणि छायाचित्र कोणत्या महिन्यातले, याची चौकशी आपणच करावी हे बरे.

जागेच्या नावाबद्दल आपले वार्ताहर कदाचित म्हणतील की, वाचकांना कुठे जायचे हे सांगणे हे वृत्तपत्राचे कामच आहे. गड, धबधबा किंवा मिसळीचे दुकान यांच्या बाबतीत ते जरूर सांगावे. परंतु जगभरातील पक्षिनिरीक्षक जेथे आपल्या नोंदी करतात त्या ईबर्ड या संकेतस्थळावरदेखील काही संवेदनशील जातींची नेमकी जागा सर्वांना दिसू दिली जात नाही, ती याच भीतीने. जी गोष्ट पक्षिअभ्यासक एकमेकांनाही जपून सांगतात ती आपण गावाच्या नावानिशी, ओढ्याच्या नावानिशी आणि ‘पुलापासून दहा मिनिटे’ अशा खाणाखुणांनिशी घरोघर पोहोचवली आहे.

लेखाच्या चौकटीत अशाच भटकंतीच्या पुढील तुकडीच्या नावनोंदणीसाठी दूरध्वनी क्रमांक दिला आहे आणि ती तुकडी येत्या रविवारी निघणार असल्याचेही त्यात नमूद आहे. हा मजकूर लेख समजायचा की जाहिरात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो. छापील अंक परत घेता येत नाही, पण आपल्या ई-आवृत्तीत तो लेख आज सकाळीही जसाच्या तसा होता. त्यातील गावाचे व ओढ्याचे नाव, त्या खाणाखुणा आणि ते चार कॉलमी छायाचित्र शनिवारच्या आत काढून टाकावे. कस्तुराची दुरुस्ती सवडीने छापली तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
कल्याण